एम.एस्सी. झाल्यावर पहिलीच्या वर्गात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: धुळे जिल्ह्यातल्या एका गावातून २६ वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय, तेही प्रथम श्रेणीत. वडिलांची कोरडवाहू शेती, कपाशी आणि थोडी बाजरी. लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांना ती ओसरीवर घेऊन बसली आणि ती शिकवणी आजही चालू आहे. आपल्याला लहान मुलांनाच शिकवायचंय, हे तिथेच तिच्या मनाने घेतलं. मामांना ते पटत नाही. "एवढं शिकून पहिलीच्या पोरांची नाकं पुसणार का? बी.एड. कर आणि ज्युनिअर कॉलेजला लाग," असं ते म्हणतात. ओळखीतल्या एकाने सांगितलंय की एका संस्थेत जागा निघणार आहे, काही लाखांची तयारी ठेवा. मैत्रीण बी.एड. झाली, पण आता प्राथमिकला ते चालत नाही म्हणून अडकून पडली आहे. कुणी म्हणतं एक वर्षाचं बी.एड. येणार आहे, तोवर थांब. घरात स्थळं बघणंही सुरू आहे. ती विचारते: पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर बारावीनंतरचा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका) करणं म्हणजे शिकलेलं वाया घालवणं नाही का? आणि तो केला नाही तर लहान मुलांना शिकवायचं कसं?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी कायद्याचं सांगते, कारण तुमच्या घरातली निम्मी चर्चा त्याच्या अपुऱ्या माहितीवर चालली आहे असं दिसतं.

पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी आज बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. मधली काही वर्षं ती धरली जात होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २८ जून २०१८ रोजी अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करायचा, एवढीच अट होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राजस्थानातून आलेल्या देवेश शर्मा प्रकरणात, ते दार बंद केलं. लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं असतं, त्याचं प्रशिक्षण प्राथमिकच्या पदविकेत मिळतं, बी.एड. हे वरच्या वर्गांसाठी आहे, असा त्या निकालाचा आशय. त्याआधी नेमणूक झालेल्यांना पुढे एप्रिल २०२४ मध्ये दिलासा मिळाला, पण नव्याने येणाऱ्यांसाठी निकाल कायम आहे. तुमच्या मैत्रिणीचं काही चुकलं नाही. तिने प्रवेश घेतला तेव्हा नियम एक होता, बाहेर पडेपर्यंत दुसरा झाला. खान्देशात अशी कितीतरी मुलं-मुली आहेत आणि त्यांना कुणी "आधी चौकशी करायची ना" असं म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. तुम्ही बी.एस्सी. आहात. त्यावर डी.एल.एड. केलं, तर पहिली ते पाचवीसाठी पात्र होताच, शिवाय सहावी ते आठवीसाठीही होता, कारण तिथे पदवी आणि ही पदविका असली की चालतं. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची जागा तिथेच असते. बी.एड. केलं तर सहावी ते आठवी, नववी-दहावी आणि तुमच्या एम.एस्सी.मुळे अकरावी-बारावी. म्हणजे सहावी ते आठवी दोन्ही वाटांवर आहे. एका वाटेने तुम्ही तिथून खाली लहानांकडे उतरू शकता, दुसरीने वर मोठ्यांकडे जाऊ शकता. डी.एल.एड. केल्याने तुमची बी.एस्सी. वाया जाते हे खरं नाही, ती सहावी ते आठवीला थेट उपयोगी पडते. एम.एस्सी. मात्र नोकरीच्या कागदांत तिथे फारशी मोजली जाणार नाही, हेही मान्य करायला हवं. तुम्हाला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहून रसायनशास्त्र शिकवण्याची ओढ असती, तर मीही मामांसारखंच बी.एड. म्हटलं असतं. पण पत्रात तुम्ही रसायनशास्त्राबद्दल एक ओळ लिहिली आहे आणि ओसरीवरच्या मुलांबद्दल दोन पानं.

मामांचा प्रश्न टाळून चालणार नाही. लहान वर्ग म्हणजे लहान काम, ही समजूत फक्त त्यांची नाही. आपल्या सगळ्या समाजाची आहे, शिक्षकांचीसुद्धा. तिच्याबद्दल थोडं सविस्तर बोलते.

साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीच्या वर्गात मागे बसले होते. फळ्यावर ४२ वजा १७. एका मुलाने पाटीवर उत्तर काढलं ३५. शेजारच्या मुलीचंही ३५. बाईंनी "चूक" म्हणून पाटी पुसायला लावली नाही. त्या मुलाजवळ खाली बसल्या आणि विचारलं, "कसं केलंस, सांग बरं." तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच. चारातून एक गेला तीन." त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि तो ते इमानेइतबारे पाळत होता. बाईंनी काड्या आणल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. "आता मला सतरा दे." त्याने एक गठ्ठा दिला, मग दोन सुट्या दिल्या, मग थांबला. बराच वेळ थांबला. बाई काही बोलल्या नाहीत. मग त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. उरलेल्या काड्या मोजल्या, तेव्हा दोन गठ्ठे आणि पाच सुट्या निघाल्या. पंचवीस. त्याने पाटीकडे पाहिलं, मग काड्यांकडे, आणि ३५ स्वतःच्या हाताने पुसलं.

हे बघताना माझ्या मनात आलं की आपल्यासारख्या पदव्या घेतलेल्यांना ही वजाबाकी इतकी सोपी झालेली असते की ती अवघड कुठे आहे हेच आपल्याला दिसत नाही. आपण "हातचा घे" म्हणून मोकळे होतो. मूल कुठे आणि का अडलं हे ओळखणं, त्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आणि कुठे गप्प बसायचं हे कळणं, हे ज्ञान एम.एस्सी.त मिळत नाही. बी.एड.मध्येही त्यावर पुरेसा भर नसतो. डी.एल.एड.च्या दोन वर्षांत नेमकं हेच शिकायचं असतं. पहिलीतलं मूल अक्षर कसं ओळखतं, संख्येची जाण कशी येते, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असताना कुणाला काय द्यायचं. चांगलं अध्यापक विद्यालय असेल तर शिकवतात. नसेल तर दोन वर्षं फाइली रंगवण्यात जातात. त्याबद्दल पुढे बोलूच.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट येते. मूल शाळेत येतं ते घरची बोली घेऊन. धुळ्या-जळगावकडे अहिराणी, यावल-रावेरच्या पट्ट्यात लेवा गणबोली, शहादा-तळोद्याकडे गुजर आणि भिलांच्या बोली, धडगाव-अक्कलकुव्याला पावरी, नवापूरकडे मावची. पहिलीतली मुलगी "बाई, मनी पेन्सिल कोठे गई?" म्हणते आणि समोरच्या पुस्तकातली मराठी तिला अर्धी परकी असते. अहिराणी मुलाचं निदान निभावतं, सातपुड्यातल्या पाड्यावरच्या मुलाला तर पहिले काही महिने शाळेत काय चाललंय हेच समजत नाही. अशा वेळी बाईंनी तिच्याच बोलीत उत्तर दिलं की मूल वर्गात बोलू लागतं, आणि जे मूल बोलतं तेच पुढे वाचायला लागतं. तुम्ही घरी अहिराणी बोलता असं पत्रावरून दिसतं. पहिलीच्या वर्गात ही तुमची मोठी जमेची बाजू आहे आणि ती कुठल्याही गुणपत्रिकेवर दिसणार नाही.

मामांना हवं तर हेही सांगा की साने गुरुजी एम.ए. होते. त्या काळात एम.ए. होऊन ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मुलांना शिकवत होते आणि वसतिगृहात त्यांचं दुखलं-खुपलं बघत होते. हायस्कूल आणि पहिलीचा वर्ग वेगळे, हे मला ठाऊक आहे. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला मुलांची सेवा करणं कमीपणाचं वाटलं नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. आता तुमच्याही एका समजुतीला हात घालते, रागावू नका. ओसरीवर येणारी मुलं आणि वर्गातली मुलं यांत फरक असतो. शिकवणीला तेच मूल येतं ज्याच्या घरच्यांना ते शिकावं असं वाटतं. सहा-आठ मुलं, तासभर वेळ, आणि तुम्ही सांगाल तसं. शाळेत सगळी येतात. दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्यात परत येणारं मूल, धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणारी मुलगी, दोन दिवस जेवलेलं नाही म्हणून पेंगणारं, कारण नसताना चावणारं. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला की चारही वर्ग तुमच्याकडे. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम, गावातली सर्वेक्षणं हे सगळं त्याच हातांनी करायचं. शिकवण्याची आवड असलेली कितीतरी माणसं या बाकीच्या कामांनी थकून गेलेली मी पाहिली आहेत.

म्हणून कुठलाही अर्ज भरण्याआधी एक काम करा. तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला आणि महिनाभर रोज पहिलीच्या वर्गात बसू द्या म्हणून विनंती करा. शिकवायला नव्हे, बाईंना मदत करायला. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत थांबा. दुपारी तीननंतर, मुलं दमलेली असताना आणि तुमचाही घसा बसलेला असताना तुम्हाला काय वाटतं ते रोज रात्री वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही वाचा. तिथेही मुलांविषयीच जास्त लिहिलेलं सापडलं, तर मग पुढे जायला हरकत नाही. आणि समजा, लहानांपेक्षा सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवताना तुम्ही जास्त खुललात, तर तेही कळेल. त्यातही काही बिघडत नाही, कारण तिथे कुठल्याही वाटेने पोचता येतं. मग बी.एड.चा विचार नव्याने करता येईल. ही महिनाभराची खटपट प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. अनेकजण प्रवेशाच्या फॉर्मवर बारावीचे टक्के भरतात आणि पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवतात ते थेट सरावपाठाच्या दिवशी.

नोकरीचं स्पष्ट बोलायला हवं. डी.एल.एड. झालं की नोकरी, हे दिवस जाऊन बराच काळ लोटला. एके काळी आपल्याकडे डी.एड.च्या (डी.एल.एड.चं जुनं नाव) प्रवेशासाठी रांगा लागत, गावोगावी अध्यापक विद्यालयं निघाली. भरती थांबली तशी त्यांतली बरीच बंद पडली. आज पदविकेनंतर दोन परीक्षा पार कराव्या लागतात. पहिली टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. तुम्ही दोन्ही पेपर द्या, दुसऱ्यात गणित-विज्ञान घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, त्यामुळे ती मेहनत वाया जाणार नाही. "आधी लागू, मग टीईटी बघू" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला असेल तर, ही परीक्षा बंधनकारक केली आहे.

दुसरी टेट, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न १२० मिनिटांत. तिच्या गुणांवर राज्याच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा आणि यादी लागण्याची वाट बघायची. ही वाट बघणंच सगळ्यात जड जातं. टेट पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये, नंतर थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग २०२५ च्या मे-जूनमध्ये. यात कुठलाही ठरलेला कालावधी दिसत नाही. तुम्ही २८-२९ व्या वर्षी पदविका घेऊन बाहेर पडाल आणि पुढे वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही थांबावं लागेल, असं धरूनच घरी बोला. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे वय निघून जाईल ही तुमची धास्ती मनातून काढा. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. हे मानधन पूर्वी महिना ६,००० होतं, २०२३ पासून प्राथमिकला १६,००० झालं. त्यात खोलीभाडं आणि जाणं-येणं धरलं तर पहिली तीन वर्षं घरी पैसे पाठवणं जमणार नाही.

जिल्हाही आपल्या मनासारखा मिळेल असं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाड्यांमध्ये खान्देशातल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं नोकरी केली आहे आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून मुलांची शाळा, आई-वडिलांची दुखणी लांबून निभावली आहेत. तुम्हाला धुळे जिल्हा मिळाला तरी शाळा गावाशेजारी मिळेल असं नाही. नंदुरबार मिळाला तर तोरणमाळच्या बाजूचा एखादा पाडाही असू शकतो, जिथे पावसाळ्यात रस्ता बंद होतो. तुम्हाला ते झेपेल का, याचं उत्तर आत्ताच द्यायला नको. पण प्रश्न आत्तापासून डोळ्यांसमोर असू द्या.

स्थळांचं त्यालाच जोडून येतं. लग्न करावं की थांबावं हे तुम्ही आणि आई-बाबा ठरवाल, त्यात मी पडत नाही. मात्र बघायला येणाऱ्या मंडळींना पहिल्याच भेटीत सांगायला हवं की मुलगी शिकतेय, पुढे परीक्षा देणार आहे आणि नेमणूक कुठल्याही जिल्ह्यात होऊ शकते. "हो हो, शिकू द्या, आमची काही हरकत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. नेमणूक लांब मिळाली तर काय, हे मुलाला स्वतः विचारा. हा प्रश्न लग्नानंतर निघाला की बहुतेकदा मुलीलाच राजीनामा लिहावा लागतो. तुमच्या आईंना हे मी आवर्जून सांगते आहे, कारण पत्रात तुम्ही लिहिलंय की आई हे सदर वाचतात.

ते लाखांचं प्रकरण. नको. हे मी सगळ्यांना इतक्याच थेट सांगते. खासगी अनुदानित संस्थांमधली भरतीही आता पवित्र पोर्टलच्या चौकटीत आली आहे. पोर्टलबाहेर पैसे भरून मिळालेली जागा मान्यतेच्या एका कागदावर लटकत राहते, वर्षानुवर्षं बिनपगारी राबावं लागतं आणि पैसे परत मागायची सोय नसते, कारण दिल्याचा कागद नसतो. परीक्षेत पैसे चारणाऱ्यांचं काय झालं तेही उघड आहे: २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार बाहेर आला तेव्हा सात हजारांहून अधिक उमेदवारांची पात्रता रद्द झाली. तुमच्या बाबांनी कपाशीवर कष्ट करून जे जमवलं असेल ते तसंच राहू द्या. डी.एल.एड.ची दोन वर्षं आणि पुढचा थांबण्याचा काळ यांत तेच कामी येईल.

एक वर्षाच्या बी.एड.साठी थांबू नका. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख आहे, ते खरं. धोरणात असंही म्हटलंय की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. व्हावी. यावरून "डी.एल.एड. बंदच होणार, मग कशाला करायचं" असं लोक म्हणतात. तुमच्यासाठी हिशोब साधा आहे. चार वर्षांचा तो अभ्यासक्रम बारावीनंतरच्या मुलांसाठी आहे, आणि एक वर्षाचं बी.एड. पहिली ते पाचवीला चालेल असा कुठलाही नियम आज नाही. आज भरतीत जी पात्रता मागितली जाते ती घ्यायची. येणाऱ्या नियमाच्या बातमीवर वर्षं घालवून पस्तावलेली माणसं तुम्हाला शेजारीपाजारीच भेटतील.

आता प्रवेश. डी.एल.एड.ची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते, एम.एस्सी.च्या नव्हे, तेव्हा जुनी गुणपत्रिका काढून ठेवा. खुल्या प्रवर्गाला ५० टक्क्यांच्या आसपास आणि राखीवला ४५ च्या आसपास लागतात. प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन राबवते आणि जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास यांपैकी जे लागू असेल ते आत्ताच तयार करा, सेतू केंद्रात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

विद्यालय निवडताना इमारत बघू नका. एनसीटीईची मान्यता चालू आहे का हे स्वतः तपासा. मग तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलींना फाटकाबाहेर गाठा आणि विचारा: सरावपाठ खरंच शाळेत होतात का, की वर्गमैत्रिणींनाच मुलं समजून घेता? आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामाच्या काळात, शाळेत रोज जाता का, की सहीपुरतं? सर तुमचा पाठ बघायला मागे बसतात का? "हजेरीचं सांभाळून घेऊ, तुम्ही घरी बसून करा" असं जिथे सांगतात, तिथे फी कितीही कमी असली तरी जाऊ नका. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, ज्याला सगळे डायट म्हणतात, जाऊन तिथल्या अधिव्याख्यात्यांचा सल्ला घ्या. ही माणसं शाळा-शाळा फिरलेली असतात आणि कुठल्या विद्यालयात खरं काम चालतं ते त्यांना ठाऊक असतं.

सोबतची मुलं १८ वर्षांची असतील याचा तुम्ही संकोच लिहिला आहे. पहिले पंधरा दिवस वाटेल. मग त्या मुली गणिताची अडचण घेऊन तुमच्याकडेच येतील, कारण बारावी कला शाखेतून आलेल्या कितीतरी जणींना टीईटीतल्या गणिताची भीती असते. त्यांना शिकवा. अपूर्णांक घाबरणाऱ्या माणसाला कसा समजावायचा, हे तिथे कळेल, आणि त्यांच्याकडून तुम्हीही शिकाल: गाणी, हस्तकला, मुलांशी खेळण्यातली सहजता, जी प्रयोगशाळेत वर्षं काढल्यावर आपल्यातून थोडी आटलेली असते. ओसरीवरची शिकवणी बंद करू नका. दिवसा शिकलेलं संध्याकाळी तिथे करून बघा. प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा, ते काय चुकतं आणि चुकण्यामागचा त्याचा विचार काय, एवढंच लिहायचं. टीईटीचा बालमानसशास्त्राचा भाग पाठांतराने करणाऱ्यांना जड जातो. अशी वही ठेवणाऱ्याला त्यातले प्रश्न ओळखीचे वाटतात.

तुमच्या मैत्रिणीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी: बी.एड. झालेल्यांनी टीईटीचा दुसरा पेपर द्यावा, सहावी ते आठवीचं दार उघडं आहे. पदव्युत्तर पदवी असेल तर अकरावी-बारावीही आहे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांमध्ये माध्यमिकचे वर्ग असतात. नंदुरबार, तळोदा, यावल, धुळे इथल्या प्रकल्प कार्यालयांवर लक्ष ठेवावं, फक्त तिथली भरती वेगळी आणि नियमही वेगळे, जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा. ज्यांना खरोखर लहानांनाच शिकवायचं आहे त्यांनी डी.एल.एड.चा अर्ज भरावा. बी.एड. झालंय म्हणून लाजायचं काही कारण नाही आणि वयाचीही इतक्यात अडचण नाही. पण निव्वळ जागा जास्त निघतील या आशेने ही पदविका करू नये. दोन वर्षं आणि घरचे पैसे, दोन्ही खर्ची पडतात.